एक हात आठ बोटं

रेल्वेत दोन दिवस बसावं तेव्हा कुठे समुद्र दिसावा, अशा आतल्या गावात एक सासरा राहत होता, एक सासू राहत होती आणि एक सून राहत होती. सासऱ्याचं काम झेंडे ओळखण्याचं, सासूचं काम सासऱ्याला बोलण्याचं, आणि सुनेचं काम दोघांचंही ऐकून घेऊन शेवटी आपल्याला हवं तेच करण्याचं. मुलगाही होता, पण तो बोटीवर नोकरीला. वर्षातून दोनदा यायचा, चार दिवस झोपायचा आणि पुन्हा जायचा.

झेंडे म्हणजे जपानी आरमाराचे. लढाईच्या काळातले आणि त्याच्याही आधीचे. भंगाराच्या ढिगातून, लिलावातून, बोटी तोडतात तिथल्या बाजारातून, मेलेल्या खलाशांच्या ट्रंकांतून म्हाताऱ्याने तीस वर्षांत बेचाळीस झेंडे जमवले होते आणि जवळच्या शहराच्या संग्रहालयाला नुसते देऊन टाकले होते. बदल्यात एकच मागितलं होतं. प्रत्येक झेंड्याखालच्या पाटीवर हा कुठला, कधीचा हे लिहायचं, आणि कुणी ओळखला तेही लिहायचं.

"त्या झेंड्यांखाली काय काय झालं असेल, कुणी कुणाला मारलं असेल," सासूबाई म्हणायच्या, "तुम्हाला कशाला ते कौतुक?"

"कौतुक नाही गं. जे झालं ते खऱ्या झेंड्याखाली झालं ना? मग खोटा झेंडा त्याच्या जागी टांगू द्यायचा नाही. एवढंच."

मामंजींची ओळखायची रीत ठरलेली होती. आधी नाक, मग बोट, मग डोळा, आणि भिंग सगळ्यांत शेवटी. खोटे झेंडे चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतात, त्यांना चहाचा वास येतोच. दोऱ्याचं टोक पेटवलं की लोकर केसासारखी जळते, नायलॉनचा मात्र गोळा होतो. काठीच्या बाजूला जाड कॅनव्हासची पट्टी हवी, तिच्यात दोर हवा, पट्टीवर आकाराचा शिक्का हवा. उंचीचे दोन भाग तर लांबीचे तीन. आणि सूर्य? भूदलाच्या झेंड्यावर तो मधोमध असतो. आरमाराच्या झेंड्यावर काठीकडे सरकलेला असतो, म्हणजे झेंडा वाऱ्यावर उडाला की तो मध्यावर दिसतो. हे सगळं सुनेला पाठ होतं. ती फाटकी कापडं दुरुस्त करायची आणि तिचे टाके भिंगाखालीही सापडायचे नाहीत.

एके दिवशी दुपारी ती पोस्टात पार्सल आणायला गेली. कपाटातून पार्सल काढताना कारकुनाने नाक दाबलं.

"काय मागवलंत वहिनी? मासळी?"

"कापड आहे हो."

"मग कापड पोहून आलंय. खाली बघा."

पार्सलच्या खालच्या बाजूला ओल होती. बाहेर चार महिने पावसाचा टिपूस नव्हता. सुनेने सही केली, पार्सल छातीशी धरलं आणि घरी येईपर्यंत तिच्या अंगावर गार पट्टा उमटला होता.

आत त्रेचाळिसावा झेंडा होता. मामंजींनी गेल्या वर्षी बोटी तोडण्याच्या बाजारातून आणून संग्रहालयाला दिलेला, आणि आता परत आलेला. सोबत चिठ्ठी. संग्रहालयाने बोलावलेल्या मोठ्या परीक्षकांनी भिंगाने तपासून लिहिलं होतं की झेंडा बनावट आहे. सूर्य अगदी मधोमध, म्हणजे आरमाराचा नव्हे. लांबी आखूड, म्हणजे भूदलाचाही नव्हे. पट्टीवरचा शिक्का सहा हाती झेंड्याचा आणि कापड, चोवीस बोटांच्या हाताने मोजलं तर, साडेचार हात चार बोटं. मोकळ्या बाजूची दुमड हाताने शिवलेली, आरमाराच्या कारखान्यात ती यंत्रावर शिवत. जो माणूस याला खरा म्हणतो त्याच्या बाकीच्या बेचाळीस ओळखींवरही विश्वास ठेवता येत नाही, तेव्हा सगळ्या पाट्या काढाव्यात. तरी म्हाताऱ्याचा मान म्हणून आठ दिवसांनी आम्ही घरी येऊ, काही सांगायचं असेल तर तेव्हा सांगावं.

सुनेने चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. मामंजी उठले, खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

"अहो, जेवायचं तरी…"

"नको."

"त्या भिंगवाल्या साहेबाला काय कळतंय? तुम्ही त्याला सांगा ना, हा खरा कसा ते."

"तेच तर सांगता येत नाही," मामंजी भिंतीला म्हणाले. "दोर खरा, लोकर खरी, वास समुद्राचा. पण सूर्य मधोमध आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

तीन दिवस ते तसेच. पाणी प्यायचे आणि पुन्हा भिंत. सासूबाईंनी त्यांना बोलणं बंद केलं, आणि सुनेला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली. ही बाई त्यांच्यापुढे गप्प बसली म्हणजे खरंच काहीतरी बिनसलं होतं. पाट्या गेल्या तर मामंजी त्या खाटेवरून उठणार नाहीत, हे दोघींनाही न बोलता कळलं होतं.

पार्सल आलं त्याच दिवशी सुनेने ओला झेंडा वाळावा म्हणून मागच्या कामाच्या खोलीत लांब दांडीवर चिमट्यांनी लावला. खोली साधीच. एक मोठं टेबल, एक खिडकी, दोऱ्यांच्या रिळांचं कपाट. त्या संध्याकाळी दिवा लावायला ती आत गेली तर दांडी रिकामी. चिमटे ओळीने खिडकीत ठेवलेले, आणि झेंडा टेबलावर नीट घडी घालून.

"आई, झेंडा काढलात का? ओला आहे अजून."

"मी? मी त्या फडक्याला शिवेन तरी का!"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लावला. दिवस मावळला, आणि पुन्हा घडी. तशीच, काठाला काठ लावून, एकही सुरकुती नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे बघ, मला घाबरवायला करत असशील तर माझं वय झालंय, मी घाबरून मरेन आणि तुलाच निस्तरावं लागेल."

"आई, माझी शप्पथ, मी नाही."

"मग?"

मग दोघींनी मिळून झेंडा पुन्हा दांडीवर लावला, खिडकीला आतून कडी घातली, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि दारासमोर दोन पाट मांडून बसल्या. बाहेर रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या, कुठे कुणी नळाखाली भांडी घासत होतं. ऊन भिंतीवरून वर सरकत सरकत गेलं, छपराच्या कडेला तांबडं झालं आणि विझलं.

आणि आत कप्पी फिरली.

विहिरीची कप्पी कधी ऐकली असेल तर तसंच. कर्र… कर्र… दोर खाली येत होता. त्या खोलीत दोर नव्हता, कप्पी नव्हती. मग दाराच्या फटीतून वास आला. डांबराचा, कोळशाच्या धुराचा, मिठाच्या पाण्याचा. त्यामागून एक बारीक, लांब शीळ. ती थांबली. आणि मग पावलं. अनवाणी, ओली, चार जणांची तरी. टेबलाच्या या बाजूने दोन, त्या बाजूने दोन. कापडाचा एक फटकारा ऐकू आला, चादर झटकावी तसा.

सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती.

"उघडू नको…" त्या कुजबुजल्या.

"आई… ते घडी घालताहेत."

"घालू दे की! आपल्याला काय त्यांच्या घडीची परीक्षा घ्यायचीय?"

आतला आवाज थांबला. सुनेने शंभरपर्यंत आकडे मोजले आणि कुलूप काढलं.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीची कडी तशीच. टेबलाभोवतीची फरशी कोरडी, पण पाय ठेवला तर गार. झेंडा घडी होऊन पडला होता. सुनेने त्यावर हात ठेवायला हात खाली नेला.

हात कापडाला पोहोचलाच नाही.

घडीच्या वर, बोटभर अंतरावरच तो थांबला. तिथे डोळ्याला काही नव्हतं, नुसती हवा होती. पण तळव्याखाली ओलं कापड होतं. जाड, खरखरीत, गार लोकर. तिने दाबलं तर ते दबलं आणि बोटांच्या फटीतून पाणी वर आलं.

 सासूबाई मागून आल्या, तिचा चेहरा पाहिला, आणि भीतीने असो की रागाने असो, त्यांनीही आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला.

"ओलं आहे गं…" त्या म्हणाल्या. "अगं, इथे काही नाही आणि ओलं आहे…"

दुसरी कुणी असती तर तिथून पळाली असती. सुनेचेही पाय पळायला निघाले होते. पण तिचे हात शिवणाऱ्या बाईचे, आणि शिवणाऱ्या बाईच्या हाताला कापड लागलं की ते माप घेतल्याशिवाय राहत नाही. तिने डोळे मिटले आणि काठावरून बोटाने घड्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. डोळे उघडून मोजल्या. चार पूर्ण, आणि पाचवी अर्ध्याहून थोडी पुढे गेलेली.

हाताला सहा. डोळ्याला पाच, त्यातली एक अपुरी.

प्रत्येक घडी बरोबर एक हात रुंद होती.

"आई," ती म्हणाली, "मला काय कळलंय तुम्हाला माहितीये?"

"मला एवढंच कळतंय की माझा हात अजून तिथेच आहे आणि तो मला काढता येत नाही. आधी तो काढ."

सुनेने त्यांचा हात उचलून बाजूला केला आणि ती धावत खाटेपाशी गेली.

"मामंजी, झेंडा कापलाय."

ती खाटेच्या कडेला टेकली.

"मोकळ्या बाजूने कापलाय, मामंजी. उंची चार हात आहे. दोनास तीन धरले तर लांबी सहा हात हवी. शिक्काही सहाचाच आहे. आहे किती? साडेचार हात चार बोटं. म्हणजे गेलं किती?"

 मग भिंतीला चिकटलेला आवाज म्हणाला, "एक हात आठ बोटं."

"आणि सूर्याच्या मध्यापासून काठीपर्यंत किती?"

"दोन हात आठ."

"दुसऱ्या बाजूला मुळात किती असायला हवं?"

म्हाताऱ्याने आता बोटांवर मोजलं. "तीन हात सोळा. त्यातून… एक हात आठ गेले तर…" त्याने कूस बदलली. तीन दिवसांनी त्याचा चेहरा दिसला. "दोन हात आठ! अगं, दोन्हीकडे सारखं! सूर्य हललाच नाही. कड हलली!"

"आणि ती हातची दुमड…"

"वाऱ्याने टोकाच्या चिंध्या होतात. लढाईत नवं कापड कुठून येणार? खलाशी चिंध्या कापून टाकतात आणि स्वतःच दुमडून शिवतात. मी तीस वर्षं आधी सूर्य मोजत आलोय, त्या साहेबानेही सूर्यच मोजला, आणि ही कड खरी कड आहे का हे आम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नाही!" ते उठून बसले होते. "तुला कसं सुचलं?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आपला हात पदरात गुंडाळला होता.

"त्या घडी घालणाऱ्यांनी… मोजून दाखवलं," सून म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. मामंजी ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बोटीवर सूर्य मावळला की झेंडा उतरवतात. राहू देत नाहीत. कधीच नाही." आणि थोड्या वेळाने, "भूक लागलीये गं."

आठव्या दिवशी दुपारी उशिरा समिती आली. भिंगवाले साहेब, संग्रहालयाच्या प्रमुख बाई आणि लिहून घेणारा एक जण. साहेबांनी चहा नाकारला, खुर्चीही नाकारली. मामंजींनी मोजपट्टी टेबलावर ठेवली आणि सगळा हिशेब मांडला, शांतपणे, घाई न करता. साहेबांनी ऐकून घेतलं.

"युक्तिवाद छान आहे," ते म्हणाले. "पण दुमड खोटं बनवणाऱ्यानेही हाताने शिवलेली असू शकते. आत काय आहे ते दाखवा. टाके उसवा."

 जुना टाका उसवायचा नाही, हा मामंजींचा पहिला नियम. उसवला आणि आत कोरी, स्वच्छ कड निघाली तर सगळं संपलं.

"मी उसवू?" सुनेने विचारलं.

"नाही," मामंजी म्हणाले. "पाट्यांवर नाव माझं आहे."

त्यांनी दुमड टेबलावर सपाट धरली. बारीक कात्रीने एक टाका, दुसरा, तिसरा. दोरा जाड होता, डांबराने काळा. पाचव्या टाक्याला दुमड उघडली आणि आतून टेबलावर मीठ सांडलं. पांढरं, खडेदार, चिमूटभर. आतलं लाल कापड कालच रंगवल्यासारखं गडद होतं आणि त्याची कड सुरीने कापलेली, वेडीवाकडी, अजून काही ठिकाणी वाऱ्याने पिंजलेली. मामंजींनी त्या दोऱ्याचं टोक साहेबांच्या नाकाशी धरलं.

"आधी नाक, साहेब. भिंग नंतर."

साहेबांनी वास घेतला. त्यांचा चेहरा उतरत गेला. तरी माणूस हट्टी, म्हणाले, "पूर्ण ताणून बघू. चारही कोपरे धरा."

काठीच्या बाजूचे दोन कोपरे सून आणि मामंजींनी धरले, मोकळ्या बाजूचे साहेबांनी आणि लिहिणाऱ्याने. झेंडा खोलीभर पसरला. सोळा किरणं, मधोमध सूर्य. खिडकीतलं ऊन तेवढ्यात छपराच्या कडेला पोहोचलं होतं, तांबडं झालं होतं. सुनेच्या ते लक्षात आलं आणि तिने काही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर ऊन विझलं.

कर्र… कर्र…

"हे काय आहे?" प्रमुख बाई म्हणाल्या.

 खोलीत डांबराचा वास भरला. झेंडा हातात जड झाला, भिजल्यासारखा, आणि मधून एकदा फुगला. खिडकी बंद होती.

"मागे…" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या मागे कोण ओढतंय?"

"तुमच्या मागे कुणी नाही, साहेब," सून म्हणाली.

"आहे… कोपरा माझ्या हातात आहे, पण कापड पुढे चाललंय… माझ्यातून…"

सगळ्यांनी पाहिलं. साहेबांच्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावर ओल पसरत होती. धो धो पाणी नाही, डाग नाही. छातीवर एक आडवी, सरळ रेघ, पट्टीने आखावी तशी, आणि तिच्याखाली सगळा शर्ट ओला. त्यांच्या मागे भिंतीच्या बाजूला, बरोबर एक हात आठ बोटांवर, फरशीवर थेंब पडत होते. टप. टप. वर काही नव्हतं, नुसती हवा होती.

सासूबाई दारातून पुढे आल्या. "सोडा, साहेब," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "त्यांना घडी घालायचीय. आम्ही रोज सोडतो."

साहेबांनी सोडलं. सगळ्यांनीच सोडलं आणि सगळे ओसरीवर येऊन उभे राहिले. आत पावलं वाजली, शीळ वाजली, थांबली. साहेब ओसरीच्या पायरीवर बसले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःहून विचारलं, "चहा आहे का हो?"

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच नको म्हणाला होतात. आता दोन कप प्या. आणि पितापिता त्या कागदावर लिहा काय लिहायचं ते."

त्यांनी लिहिलं. माझी चूक झाली, हा झेंडा खरा आहे, आरमाराचाच आहे, आणि यांच्या ओळखीपुढे माझी ओळख कमी पडली. लिहिणाऱ्याच्या हातून पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर त्या घराचे दिवस फिरले. संग्रहालयाने वरच्या मजल्यावरचं अख्खं दालन त्रेचाळीस झेंड्यांना दिलं. पाट्या नव्या झाल्या, पितळेच्या, आणि शेवटच्या पाटीवर मामंजींच्या नावापुढे सुनेचंही नाव आलं. दुरुस्तीची खोली तिच्या ताब्यात दिली, पगारासह, हाताखाली दोन मदतनीस बायका देऊन. दूरदूरची संग्रहालयं आपले झेंडे ओळखायला तिच्याकडे पाठवू लागली, आणि शंका आली की भिंगवाले साहेब स्वतः पत्र लिहून विचारू लागले. मुलाने बोटीची नोकरी सोडली आणि तो कायमचा घरी आला. सासूबाईंना बोलायला आता तीन माणसं झाली, त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. मामंजी रोज कोट घालून दालनात जायचे आणि भेटेल त्याला कड कशी ओळखायची ते शिकवायचे.

एका संध्याकाळी दालनाचा पहारेकरी सुनेकडे आला. दारातच घुटमळला.

"बाई, एक सांगू का? हसू नका."

"सांगा."

"त्रेचाळिसाव्या झेंड्याच्या त्या मोठ्या पेटीसमोर, दिवस मावळताना… माणसं डुलतात."

सून त्याच्यामागे गेली. काचेसमोर दहा-बारा माणसं उभी होती. एकमेकांना न ओळखणारी, कुणी पिशवी घेतलेलं, कुणी मूल कडेवर घेतलेलं. सगळ्यांनी पाय थोडे फाकवले होते. आणि सगळी मिळून, एका वेळी, सावकाश डावीकडे कलत होती, क्षणभर थांबत होती आणि सावकाश उजवीकडे येत होती. कुणालाच पत्ता नव्हता. बोलणारे बोलत होते, मूल झोपलं होतं. त्यांच्यात मामंजी होते, कोट घातलेले, मागे हात बांधलेले. जन्मात कधी बोटीत न बसलेला तो म्हातारा जुन्या खलाशासारखा पाय रोवून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सुनेला त्याला हाक मारवेना.

फरशी सपाट होती. तिने नीट पाहिलं. मग तिने खाली, स्वतःकडे पाहिलं. कमरेला लटकवलेला किल्ल्यांचा जुडगा सरळ खाली लोंबत नव्हता. बोट कलावी तसा तो डावीकडे गेला होता, आणि तिथेच थांबला होता.